उभ्या गाडीचे इंजिन बंद पडते? रेसचा स्क्रू पिळू नका!



गळीत हंगामात आपल्या रस्त्यांची काय अवस्था असते, हे आपणांस सांगायला नको. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे ट्रक, कडेने बैलगाड्या. अशा गर्दीत पाय रेसवरून काढला, क्लच दाबला आणि गाडी भक्कन बंद पडली, तर? पुन्हा सेल मारला की चालू होते, म्हणून पुष्कळ जण तिकडे काणाडोळा करतात.

पण यात धोका आहे. पेट्रोल गाडीच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडले की ही मदत एकदोनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. पुढे पेडल दगडासारखे कडक लागते. ब्रेक जात नाहीत, पण पायाला फार जोर लावावा लागतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होते. उतारावर, भरल्या ट्रॉलीच्या मागे, एवढे कारण अपघाताला पुरेसे आहे.

मूळ दुखणे कोठे?

कार्बोरेटरच्या गाडीत स्क्रू थोडा पिळला की रेस वाढायची. तीच सवय अजून चालू आहे. परंतु २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनची इंजिने आली. त्यांत उभ्या गाडीची रेस कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्या हाताखाली एक लहान व्हॉल्व्ह असतो, त्याला आयडल एअर कंट्रोल, थोडक्यात आयएसी व्हॉल्व्ह म्हणतात.

त्याचे काम आपल्याला लगेच समजेल. पाटाचे मोठे दार बंद असले तरी बाजूच्या पाइपातून थोडे पाणी सोडता येते. तसेच रेसवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते आणि इंजिनाला लागणारी थोडी हवा बाजूच्या वाटेने जाते. ती किती सोडायची हे हा व्हॉल्व्ह ठरवतो. एसी लावला, इंजिनावर भार आला, की तो वाट जास्त उघडतो. मिलवर भार वाढला की टर्बाइनचा गव्हर्नर वाफ वाढवतो, त्यातलाच हा प्रकार. या वाटेत काजळी आणि तेलकट धूळ बसली की व्हॉल्व्ह अडकतो. मग रेस वरखाली होते, नाहीतर इंजिन बंद पडते.

अशा वेळी झडपेचा स्क्रू पिळला तर व्हॉल्व्ह अडकलेलाच राहतो, झडप मात्र कायमची किलकिली होते. कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो आणि पेट्रोल वाया जाते.

व्हॉल्व्ह कसा शोधावा?

बॉनेट उघडून एअर फिल्टरपासून निघणारी जाड नळी धरून पुढे जावे. ती जेथे संपते ती थ्रॉटल बॉडी. रेसची केबल तिला जोडलेली असेल, तर हा व्हॉल्व्ह बहुधा तिच्यावरच, दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला सापडतो. झडपेच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला सेन्सर वेगळा, त्याला हात लावू नये. केबल नसून फक्त वायरी असतील, तर झडपच मोटरीवर चालते आणि वेगळा व्हॉल्व्ह नसतो. ती झडप बोटाने ढकलू नये. डिझेल गाडीला हा व्हॉल्व्ह नसतो.

साफसफाई

१. इंजिन थंड होऊ द्यावे. चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी.

२. व्हॉल्व्हचा कपलर खटका दाबून काढावा, वायर ओढू नये. काही गाड्यांत जवळून रेडिएटरच्या पाण्याची नळी जाते, ती उघडू नये.

३. स्क्रू काढून व्हॉल्व्ह सरळ बाहेर घ्यावा. रबरी रिंग किंवा गॅस्केट जपावे. फाटले असल्यास नवे घालावे.

४. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा फवारा कापडावर घेऊन व्हॉल्व्हचे टोक पुसावे. बसायची जागा, हवेची वाट आणि झडपेची कडाही स्वच्छ करावी. वायरीच्या बाजूला फवारा जाऊ देऊ नये. टोक हाताने दाबू किंवा ओढू नये, आतली मोटर बिघडते. काम उघड्या हवेत करावे, जवळपास विडी-काडी नको.

५. पूर्ण वाळल्यावर सर्व जोडावे. एसी व दिवे बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावे. पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर नवा हिशेब आपणहून बसवतो. वेगळी रीत असल्यास ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर लगेच नवा व्हॉल्व्ह विकत घेऊ नका. व्हॅक्यूमची नळी चिरली आहे का, एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, प्लग झिजले आहेत का, हे पाहा. स्कॅनरवर पी ०५०५ हा कोड आला तर दोष आयडलिंगच्या यंत्रणेत आहे एवढेच कळते. व्हॉल्व्हच खराब आहे असे त्यावरून ठरत नाही.

ट्रॅक्टरचा एअर क्लीनर आपण हंगामापूर्वी न चुकता साफ करतो. घरच्या गाडीलाही तेवढा अर्धा तास द्यावा. आणि मेस्त्री "रेस वाढवून देतो" म्हणाला, तर आधी व्हॉल्व्ह साफ करायला सांगावे.