कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे कशाला?

गॅलरीत मिरची-टोमॅटो लावताना कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालायची पद्धत घरोघरी आहे. हेतू हा, की पाण्याचा निचरा व्हावा. प्रत्यक्षात घडतं उलटंच.

मातीच्या कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. तुकड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांना ही ओढ नसते. त्यामुळे वरची माती चिंब होईपर्यंत पाणी खाली उतरतच नाही. भिजलेला स्पंज धरून पाहा: ठिबकणं थांबलं तरी त्याची खालची बाजू ओलीगच्च राहते. कुंडीतल्या मातीतही असाच ओला थर उरतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. तळाशी तुकडे भरले, की हा थर तेवढाच वर, मुळांपाशी सरकतो. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात.

मग करायचं काय? माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापरीचा एकच तुकडा पालथा ठेवा. भाताचं तूस मिसळून माती भुसभुशीत करा. आणि टोमॅटोला फूटभर तरी खोल कुंडी द्या. ओल्या थराच्या वर मुळांना हवेशीर माती जास्त मिळते.