गोळीनंतरची पाळी

मेडिकलच्या काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबून, हलक्या आवाजात मागितलेली ती एक गोळी. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घेतली की जीव भांड्यात पडतो. मग चार-पाच दिवसांनी, पाळीला अजून अवकाश असताना, कपड्यांवर डाग दिसतात आणि धास्ती नव्याने सुरू होते. विचारायचं कुणाला? आईला तर नाहीच.

या गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. हे संप्रेरक एकदम मोठ्या मात्रेत शरीरात जातं, स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवतं आणि काही दिवसांत ओसरतं. या चढ-उताराने गर्भाशयाचं अस्तर थोडं सुटतं, म्हणून अंगावरून जातं. पाळीच्या चक्राच्या सुरुवातीला घेतलेल्या गोळीने पाळी अलीकडे येऊ शकते, चक्रात उशिरा घेतलेलीने पुढे जाऊ शकते. बहुतेकींची पाळी नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर आगेमागे येते आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत घडी पुन्हा बसते.

डाग दिसले म्हणजे ‘गर्भ पडला’ असं अनेकींना वाटतं. तसं नाही. ही गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भ राहिलाच असेल तर ती त्याला धक्काही लावत नाही. मला जास्त काळजी वाटते ती या डागांनाच पाळी समजून निर्धास्त होणाऱ्या मुलींची. रक्त गेलं म्हणजे दिवस गेले नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय बीज नुसतं लांबणीवर पडलेलं असतं. त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर आधीची गोळी कामाची नाही.

पाळी आठवड्याहून जास्त लांबली, नेहमीपेक्षा फारच कमी गेली किंवा गोळीला तीन आठवडे होऊनही आली नाही, तर लघवीची तपासणी करावी. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना गाठावा. गर्भ नळीत राहिल्याची शक्यता तपासावी लागते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो, हे मेडिकलवाला विचारेलच असं नाही. आपणच सांगावं.

दर महिन्याला ही गोळी घेतली तर पाळीचा ताळमेळ बिघडतो. पुढे मूल होत नाही, ही भीती मात्र निराधार आहे. नेहमीसाठी तांबी बरी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची ठरते आणि पुढची अनेक वर्षं चालते. सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवून मिळते.