रात्रीचा वायदेबाजार

वायदा म्हणजे आज ठरलेल्या भावानें पुढील नेमल्या दिवशीं माल देण्याघेण्याचा करार होय. कापसाचा शेतकरी किंवा तेलाचा कारखानदार यांस उद्यांच्या भावाची धास्ती असते. ती धास्ती दुसऱ्याच्या शिरावर ठेवण्यासाठीं ही योजना निघाली. हा सौदा करतांना मालाची पुरी किंमत द्यावी लागत नाहीं, थोडी अनामत पुरते. नफातोटा मात्र पुऱ्या मालावर होतो, हें विसरतां कामा नये.

मुंबईंत रात्र होते तेव्हां न्यूयॉर्कमध्यें व्यवहार ऐन भरांत असतो. म्हणून जगभर खपणाऱ्या मालाचा भाव एकाच गांवच्या घड्याळावर चालत नाहीं. शिकागोच्या बाजारानें १९९२ सालीं ‘ग्लोबेक्स’ ही यंत्रव्यवस्था सुरू केली. आज तेथील प्रमुख वायदे रविवारच्या संध्याकाळपासून शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत, रोजची तासाभराची विश्रांति वगळून, अखंड चालतात. मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजमध्येंही खनिज तेलाचे सौदे रात्रीं उशिरापर्यंत होतात, तें याच कारणानें.

बाजार लवकर मिटला तर काय होतें, याचा दाखला २० एप्रिल २०२० या दिवशीं मिळाला. टाळेबंदीमुळें त्या दिवसांत मुंबईचा हा बाजार सायंकाळीं ५ वाजतांच बंद होई. त्या दिवशीं तेलाच्या एप्रिल वायद्याची मुदत संपत होती व शेवटचा भाव पिंपास ९६५ रुपये होता. परंतु हिशेब व्हावयाचा होता तो न्यूयॉर्कच्या भावानें, आणि तो भाव ठरतो आपल्या मध्यरात्रीं. अमेरिकेंत तेलाचा खप आटला होता आणि कुशिंग येथील टाक्या भरत आल्या होत्या. माल ठेवावा कोठें या चिंतेनें धारकांनीं पदरचे पैसे देऊन वायदा सोडला. भाव शून्याच्याही खालीं, उणे ३७.६३ डॉलरवर गेला. मुंबईचा हिशेब त्यावरून उणे २,८८४ रुपयांनीं झाला. एका सौद्यांत १०० पिंपें असतात. म्हणजे ५ वाजतांच्या भावाशीं ताडून पाहतां एका सौद्यामागें ३,८४,९०० रुपये बुडाले. घरीं बसलेल्या माणसास पडतां भाव दिसत होता, पण विकावयास दार उघडें नव्हतें.

तथापि दार उघडें असलें म्हणजे सारें क्षेम असतें, असेंही नाहीं. रात्रीं घेणारे व विकणारे थोडे असतात. त्यामुळें लहानशा वार्तेनेंही भाव मोठी उडी घेतो. २०१६ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या अध्यक्षपदाची मतमोजणी चालू असतां तेथील शेअर-निर्देशांकाचा वायदा रात्रींच ५ टक्के घसरला व नियमाप्रमाणें त्याखालीं जाण्यास अटकाव झाला. दुसऱ्या दिवशीं तोच निर्देशांक एक टक्क्याहून अधिक चढून बंद झाला. घाबरून रात्रीं विकणाऱ्याचें नुकसान झालें. सकाळपर्यंत थांबलेला वांचला.

यावरून गृहस्थानें तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सौदा ओढूं नये. अनामतीखेरीज हाताशीं शिल्लक ठेवावी. रात्रीं सौदा करणेंच झाल्यास आपला भाव आधीं नेमून द्यावा. ‘मिळेल त्या भावानें’ असें दलालास कधींही सांगूं नये. ज्यास हें पाळवत नाहीं त्यानें या बाजाराच्या वाटेस न जातां रात्रीं स्वस्थ झोंप घ्यावी, यांतच त्याच्या घराचें हित आहे.