अरुंधतीच्या घरातले सहा जण

लग्नात गुरुजी वधूवरांना अरुंधती दाखवतात. मुहूर्त दिवसाचा असेल, तर बोट नुसतंच आकाशाकडे जातं. मला वाटतं, त्या जोडप्यानं नंतर एका रात्री तरी तिला खरोखर शोधावं.

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षींचा पतंग उंच असतो. त्याच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून अंधुक अरुंधती. पुण्याच्या पेठांतून वसिष्ठ सहज दिसतो. दिव्यांच्या उजेडात अरुंधती मात्र हरवते. सिंहगडाच्या बाजूला गेलात की नुसत्या डोळ्यांना दोघं वेगळे दिसतात. आधी ठळक तारा दाखवून मग बारीक दाखवायचा, म्हणून तर 'अरुंधतीदर्शन न्याय' हा शब्द रूढ झाला.

लहान दुर्बिणीतून वसिष्ठाचेही दोन तारे होतात. पुढची उकल वर्णपटानं केली. 1889 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केलं, की त्यातल्या ठळक ताऱ्याच्या वर्णपटातली रेघ कधी एकेरी, कधी दुहेरी दिसते. म्हणजे तो एक तारा खरं तर दोन ताऱ्यांची जोडी आहे; त्यातला एक आपल्याकडे येताना दुसरा दूर जातो, तेव्हा रेघा फाकतात. ही जोडी साधारण साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फिरते! दुसरा ताराही जोडीचाच निघाला. 2009 मध्ये अरुंधतीलाही एक मंद लाल सोबती सापडला.

म्हणजे एकूण सहा तारे, सुमारे 80 प्रकाशवर्षांवर, बहुधा एकाच गुरुत्वाकर्षणात बांधलेले. 1944 साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला गेलात, तर दुर्बीण वसिष्ठावर लावायला जरूर सांगा.