रक्तातलं लोह आणि गादीतला चुंबक

हिंगण्याच्या आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एक काका आहेत. दिवसभर तव्यासमोर उभं राहून त्यांची कंबर धरते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बाबू, चुंबकाची गादी घेऊ का? तो माणूस सांगून राहिला का रक्तात लोखंड असते, चुंबक ते ओढते अन् दुखणं जाते. हप्त्यानं देतो म्हणते." गादीची किंमत त्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी! आम्ही इंजिनीअरिंगवाले, पण उत्तर काही चटकन देता आलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी मोजमाप. नागपुरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 45 मायक्रोटेस्ला आहे. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाजवळ ते साधारण शंभर पट असतं. आणि एमआरआय यंत्रात 1.5 टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या तेहतीस हजार पट! जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि मरण पावला. एवढी ती ताकद. पण तशाच यंत्रांत रोज कितीतरी रुग्ण अर्धा-अर्धा तास पडून असतात. त्यांचं रक्त काही एका बाजूला गोळा होत नाही.

असं का? लोखंडाच्या तुकड्यात असंख्य अणूंचं चुंबकत्व एका दिशेनं जुळतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये मात्र लोहाचे अणू एकेकटे, विखुरलेले असतात. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी 1936 मध्ये दाखवलं, की ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं आणि ऑक्सिजन नसलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम अगदी क्षीण. त्यात छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र एक अष्टमांश! फोम, चादर आणि कातडी ओलांडून कंबरेपर्यंत काय पोचणार?

मग सजीवांवर चुंबकाचा परिणाम होतच नाही का? होतो ना! पण त्यासाठी शरीरात तशी सोय लागते. 1975 मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी अमेरिकेतल्या चिखलात सापडलेल्या अशा जिवाणूंची माहिती प्रसिद्ध केली, जे चुंबकीय दिशेनं पोहतात. त्यांच्या पेशीत मॅग्नेटाइटच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची माळच असते. तीच त्यांची होकायंत्राची सुई. युरोपातला रॉबिन पक्षी स्थलांतरात पृथ्वीचं क्षेत्र ओळखतो. त्याच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं, असं 2021 मध्ये दिसून आलं.

दुसरा मार्ग आपल्या ओळखीचा, फॅरेडेचा नियम. क्षेत्र झपाट्यानं बदललं की वाहकात विद्युतदाब निर्माण होतो, आणि आपलं शरीरही वाहकच. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्याजवळ कॉइल धरून अशा स्पंदानं मेंदूला चेतना दिली आणि हाताचे स्नायू हलवले. आज हे तंत्र नैराश्यावरच्या उपचारात वापरतात. पण गादीतला चुंबक स्थिर असतो. तिथे फॅरेडेही मदतीला येत नाही.

राहिला अनुभवाचा प्रश्न. "मला फरक पडला" असं सांगणारे भेटतातच. कंबरदुखी बऱ्याचदा आपोआपही कमी होते. म्हणूनच खऱ्या आणि खोट्या चुंबकांची तुलना करावी लागते. अशा चाचण्यांचा 2007 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा स्थिर चुंबकानं वेदना कमी होतात याला एकूणात आधार मिळाला नाही. उलट एक धोका खरा आहे: पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीजवळ चुंबक आला तर यंत्राचं काम बदलू शकतं. घरी आजी-आजोबांना पेसमेकर असेल तर हे जरूर सांगा.

काकांना आम्ही सगळं समजावलं. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे चुंबक खोटा नाही, विकणारा खोटा बोलून राहिला." गादी राहिली. काका मेडिकलला जाऊन कंबर दाखवून आले.

आता जरा आपल्याबद्दल. अशा गाद्या साखळी पद्धतीनं विकल्या जातात, आणि "पार्ट टाइम कमाई" म्हणून हॉस्टेलची पोरंही त्यात ओढली जातात. तुमच्याकडे कुणी आलं तर एकच प्रश्न विचारा: हा चुंबक शरीरात नेमकं काय करतो? उत्तर "रक्तातलं लोह ओढतो" असं आलं, तर सरळ मेसमध्ये घेऊन या. काका बघून घेतील!