पृथ्वीच्या गोलावर भूगर्भाचें चित्र

आपल्या जमिनीच्या पोटांत काय आहे हें जाणण्याची गरज शेतकऱ्यास जितकी असते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. विहिरीस पाणी लागेल किंवा नाहीं, या एका प्रश्नापायीं घरांतील दागिने गहाण पडल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत. म्हणून भूगर्भाचीं चित्रें आतां इंटरनेटद्वारें कोणासही घरबसल्या पाहतां येतात ही वार्ता आमच्या वाचकांस सांगण्याजोगी आहे. आणि त्या चित्रांची मर्यादा सांगणें त्याहूनही अगत्याचें आहे.

२००५ सालीं गूगल अर्थ नांवाचा पृथ्वीचा गोल संगणकावर सर्वांस खुला झाला. तो फिरवावा, जवळ आणावा, तों आपलें शिवार, ओढा व बांध दिसूं लागतात. या गोलावर आपल्याकडील माहिती चढविण्यासाठीं केएमएल नांवाची एक लेखनपद्धति आहे. तींत प्रत्येक बिंदूचे रेखांश, अक्षांश व उंची ओळीनें लिहिलेलीं असतात. आमच्यासारख्या जुन्या कारकुनास ती नोंदवहीच वाटते. २००८ सालीं ही पद्धति आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. त्यामुळें एकानें केलेली आकृति दुसरा कोणीही आपल्या गोलावर त्याच जागीं उघडून पाहूं शकतो.

अडचण एवढीच कीं, हा गोल वरून पाहण्यासाठीं केलेला. जमिनीखालीं ठेवलेली आकृति जमिनीनेंच झांकली जाते. यावर डेक्लन डी पॉर व स्टीव्हन व्हिटमायर या अमेरिकेंतील भूशास्त्रज्ञांनीं तोड काढली व २०११ सालीं तिची रीत प्रसिद्ध केली. खडकांच्या थरांचा उभा छेद करून तो जमिनीच्या वर उचलावयाचा. पडद्यावरील पट्टी सरकवितांच तो छेद वाफ्यांतील मुळ्यासारखा वर येतो. मग त्याच्याभोंवतीं फिरून कोणता थर कोठें वांकला, कोठें संपला, हें खुशाल पाहावें. सपाट नकाशावरून एवढें उमगण्यास जाणत्यासही कष्ट पडतात.

आपल्या प्रांतांत तर अशा छेदाचा उपयोग उघड आहे. महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग लाव्ह्याच्या थरांनीं व्यापलेला असून ते थर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं एकावर एक पसरले. घट्ट काळ्या पाषाणांत फटी असतील तरच पाणी. सच्छिद्र मांजऱ्या झिजलेला असेल तर तेथें पाणी बरें. मध्येंच कोठें लाल गेरूचा पट्टा. दोघां शेजाऱ्यांच्या विहिरी एकाच थरावर पोसलेल्या असतील, तर एकाच्या खोल बोअरनें दुसऱ्याची विहीर कां आटली, हें छेद समोर असतां भांडणावांचून समजतें.

परंतु येथेंच सावध राहावें. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे भूकोश या संकेतस्थळावर मिळणारे सविस्तर नकाशे पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवर ५० मीटर. दोन एकरांचें चौरस शेत त्यावर दोन मिलिमीटरही भरत नाहीं. २००७ सालीं अनेक देशांनीं मिळून आरंभिलेल्या वनजिऑलॉजी या उपक्रमाचें प्रमाण दहा लाखांस एक. तेथें एक मिलिमीटर म्हणजे एक किलोमीटर! गोल कितीही जवळ आणला तरी नकाशा त्यायोगें बारीक होत नाहीं. केवळ रेघ जाड दिसते. मोबाइलवर अशी रेघ दाखवून कोणी बोअरची जागा सांगूं लागल्यास, नकाशाचें प्रमाण काय, हें त्यास आधीं विचारावें.

दुसरें असें कीं, गटाचा नकाशा मोजणीनें होतो. भूगर्भाचा छेद मात्र दोन बोअरांच्या मध्यें बराचसा अंदाजानें जोडलेला असतो. रंग मात्र दोहींकडे सारखाच ठळक! आमच्या हातीं असतें तर अंदाजाचा भाग फिका रंगविण्याची सक्तीच आम्हीं केली असती. बोअर जितक्या दूरदूर, तितका अंदाज मोठा. आणि आपल्याकडे बोअर पुष्कळ असूनही त्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. यंत्र येतें, रात्रींतून काम उरकून जातें, आणि कोणत्या खोलीस काय लागलें हें पुढील वर्षीं घरधन्यासही आठवत नाहीं.

ज्यांस या हंगामांत बोअर घ्यावयाची आहे, त्यांनीं दर दहा फुटांस निघणारी भुकटी कागदाच्या पुडींत बांधून तीवर खोली लिहावी. पाणी प्रथम किती फुटांवर लागलें तें, गट क्रमांक व तारीख वहींत टिपावी, आणि त्याची एक प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या कचेरींत नेऊन द्यावी.