ताकदीचे खेळ (लेखांक ५) : ओझ्याखालची विश्रांती

मागच्या लेखात आपण ऑलिंपिक वेटलिफ्टिंग पाहिलं. तिथे काही क्षणांच्या एका उचलीवर निकाल लागतो. या आठवड्याचा खेळ अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. केटलबेल लिफ्टिंगमध्ये वजन आधीच ठरलेलं असतं आणि वेळही: दहा मिनिटं. तेवढ्यात ते वजन किती वेळा नियमानुसार डोक्यावर गेलं, हे पंच मोजतात. मध्येच केटलबेल जमिनीवर टेकवलं, तर सेट तिथेच संपतो.

हा खेळ रशियातला. तिथल्या बाजारात धान्य ‘पूद’ या मापाने तोललं जाई. एक पूद म्हणजे सुमारे १६.३८ किलो. तोलण्यासाठीची, वर कडी असलेली लोखंडी वजनं, म्हणजेच केटलबेल, उचलून दाखवण्याची चढाओढ लागे. आपल्या तालमींत दगडी नाल उचलतात, तसाच तो प्रकार. १८८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी व्यायामप्रेमींचं मंडळ सुरू केलं आणि अशा वजनांच्या व्यायामाला शिस्त येत गेली. मात्र सोव्हिएत संघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८५ मध्ये, लिपेत्स्क शहरात झाली. सुरुवातीला वेळेची मर्यादा नव्हती; अंगात त्राण असेपर्यंत उचलत राहायचं. दहा मिनिटांचा नियम नंतर आला. १६, २४ आणि ३२ किलो ही आजची वजनं म्हणजे एक, दीड आणि दोन पूद.

स्पर्धेचे मुख्य प्रकार दोन. बायथलॉनमध्ये आधी दोन केटलबेलचा जर्क आणि नंतर एका केटलबेलचा स्नॅच. लाँग सायकलमध्ये प्रत्येक जर्कनंतर दोन्ही केटलबेल पायांच्या मधे सोडून, झोका देऊन पुन्हा छातीशी आणायची. स्पर्धेची केटलबेल पोलादी असतात आणि वजन कितीही असलं तरी आकार एकच. १६ किलोचं पिवळं, २४ चं हिरवं, ३२ चं लाल. त्यामुळे वजन वाढवलं तरी हाताची आणि कोपराची बसलेली जागा बदलत नाही.

आता जर्क जवळून पाहू. दोन्ही केटलबेल छातीशी आहेत, या स्थितीला ‘रॅक’ म्हणतात. नवशिका इथे दंडांच्या जोरावर वजन धरून ठेवतो आणि दोन-तीन मिनिटांत संपतो. मुरलेला खेळाडू गुडघे ताठ करतो, कंबर पुढे काढतो, पाठीचा वरचा भाग किंचित मागे नेतो आणि कोपरं थेट कमरेच्या हाडावर टेकवतो. वजन कोपरातून कमरेत, कमरेतून पायांत, पायांतून जमिनीत उतरतं. स्नायू जवळजवळ मोकळे होतात. मग गुडघ्यांत छोटा झोल, पायांचा जोरदार रेटा, वजन वर उडताच त्याखाली पुन्हा बसणं, हात ताठ, मग उभं राहणं. शरीर आणि वजन वर स्थिर झालं तरच पंच आकडा देतात.

या सगळ्यात श्वासाचा हिशेब पक्का असावा लागतो. झोल घेताना श्वास सुटतो, वजन छातीशी उतरतानाही सुटतो आणि रॅकमध्ये गरजेप्रमाणे आणखी एक-दोन श्वास घेता येतात. श्वास अडकवून जोर लावायची जिमची सवय इथे मारक ठरते.

स्नॅचमध्ये परीक्षा पंजाची. पायांच्या मधून झोका घेऊन एकाच दमात डोक्यावर, मग पुन्हा खाली. हात फक्त एकदाच बदलता येतो. म्हणून प्रत्येक हाताच्या वाट्याला साधारण पाच मिनिटं येतात. कडी घट्ट आवळली की कोपराखालचा हात भरून येतो आणि बोटं आपोआप उघडायला लागतात. जाणते खेळाडू वर पोचताच मूठ सैल करतात, वजन मनगटाच्या मागे टेकू देतात आणि खाली येताना कडी तळव्यात न धरता बोटांच्या आकड्यात अडकवतात. तळव्यावरचे घट्टेही त्यामुळे कमी फाटतात.

बायथलॉनमध्ये जर्कला एक गुण, स्नॅचला अर्धा. रशियाचे इवान देनिसोव यांच्या नावावर ३२ किलोच्या दोन केटलबेलचे दहा मिनिटांत १७५ जर्क आहेत. म्हणजे साडेतीन सेकंदांहूनही कमी वेळात एक आणि एकूण ११,२०० किलो वजन डोक्यावर. नुसत्या दंडांच्या बळावर हे शक्यच नाही. १७५ पैकी प्रत्येक उचलीत त्यांनी क्षणभर विसावा कमावला, म्हणून आकडा तिथवर गेला.

मला या खेळाचं मोल इथेच वाटतं. ओझं उतरवून विश्रांती घेणं सगळ्यांनाच जमतं. ओझं अंगावर असताना कुठे सैल व्हायचं, हे शिकावं लागतं. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी हलकं, झेपेल तेवढं एकच केटलबेल घ्यावं आणि जाणत्या प्रशिक्षकाकडून आधी रॅक शिकावा. मिनिटाला मोजक्याच, पण स्वच्छ उचली. पाच मिनिटं न टेकवता जमली की मगच वेळ वाढवावी आणि वजन सगळ्यात शेवटी.

(पुढील आठवड्यात : पॉवरलिफ्टिंगमधील डेडलिफ्ट)